एमबी, बाबा आणि आठाचा पाढा

परवा लंच टाइमला आमच्या टीममधला नवा मुलगा डबा न उघडताच सुरू झाला. ‘सरळसरळ फसवणूक आहे यार ही! शंभर एमबीचं कनेक्शन म्हणून पैसे घेतात आणि डाउनलोड बघावं तर अकरा-बारावर अडकलेलं. तक्रार ठोकणार आहे मी.’ पुरावा म्हणून त्याने मोबाइलमधला फोटोही सगळ्यांत फिरवला. खरंच, स्क्रीनवर सेकंदाला ११.६ दिसत होतं. टेबलावर हळहळ व्यक्त झाली. एकीने तर ग्राहक मंचाचा पत्ता शोधायलाही घेतला.

मी म्हटलं, ‘शंभर भागिले आठ किती?’

‘साडेबारा. का?’

‘साडेबारापैकी साडेअकराच्या वर मिळतंय तुला. आणखी काय हवं? पार्टी दे.’

मग पोळी-भाजी बाजूला सारून मी त्याला सगळा फंडा समजावला. लोक माझ्याकडे ‘हिला बरंच येतं हं’ अशा नजरेने बघायला लागले. मीही जरा भाव खाऊन घेतला. पण खरं सांगू? मागच्या दिवाळीपर्यंत मलाही हे येत नव्हतं. म्हणजे परीक्षेत विचारलं असतं तर आलं असतं, बी.ई. आहे हो मी, तेही कॉम्प्युटरची! पण परीक्षेत येणं वेगळं आणि पाचची बस पकडायच्या घाईत येणं वेगळं. ती चूक मला केवढ्याला पडली, तेच आज सांगायचंय.

साताऱ्याच्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत २००२ सालचा एक कॉम्प्युटर होता. अलीकडे बाबा त्यावर फक्त पत्ते खेळायचे. पण आतल्या ४० जीबीच्या जुन्या आयडीई हार्डडिस्कवर आमचं अख्खं घर होतं. आई शाळेत संगीत शिकवायची. तिच्या रियाजाच्या आणि शिकवणीच्या चाळीस कॅसेट होत्या, प्रत्येकी साठ मिनिटांच्या. २००३ च्या उन्हाळ्यात बाबांनी टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला लावली आणि एकेक कॅसेट पूर्ण वाजवून एमपीथ्री करून ठेवली. चाळीस तासांचं काम. पुढे कॅसेटींना बुरशी आली. टेपरेकॉर्डर भंगारात गेला. आणि सहा वर्षांपूर्वी आईही गेली. म्हणजे आईचा आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्या डिस्कवर.

हो, हो, कळतंय तुम्ही काय म्हणताय ते. बॅकअप. ऑफिसात दुसऱ्यांच्या डेटाच्या तीन-तीन कॉप्या ठेवण्याचा पगार घेते मी. घरचं राहूनच गेलं.

दिवाळीला शुक्रवारी रात्री घरी पोहोचले, तर बाबा म्हणाले, ‘कॉम्प्युटर हल्ली टकटक करतो गं.’ माझ्या पोटात गोळा आला. हार्डडिस्क टकटक करते म्हणजे आतलं हेड आपली जागा शोधतंय आणि ती त्याला सापडत नाहीये. तिचे दिवस भरत आले समजायचे. तिथल्या तिथे मी मनात हिशेब केला. माल एकूण ९ जीबी. पर्समध्ये पेनड्राइव्ह आहेच. कॉम्प्युटरचा यूएसबी जुना, १.१ वाला, त्याचा स्पीड १२ एमबी. नऊ हजार भागिले बारा, साडेसातशे सेकंद. म्हणजे साडेबारा मिनिटं! ‘बाबा, निघायच्या आधी करून टाकू. चहा होईस्तोवर होईल.’ आणि शनिवार मी मस्तपैकी फराळात आणि मैत्रिणींत घालवला.

रविवारी दुपारी साडेतीनला बसले. कॉम्प्युटर तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झाला. पेनड्राइव्ह लावला, सगळं सिलेक्ट, कॉपी, पेस्ट. खिडकी उघडली आणि मी बघतच राहिले. शिल्लक वेळ: १४८ मिनिटं.

‘बाबा, काहीतरी गडबड आहे. साडेबारा मिनिटांचं काम अडीच तास दाखवतंय.’

‘स्पीड किती धरला होतास?’

‘बारा एमबी.’

‘कुठला एमबी?’

‘कुठला म्हणजे? एमबी म्हणजे एमबी.’

बाबांनी चष्मा लावला. भिंतीवरचं कॅलेंडर काढून दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलीने १२ लिहिले आणि त्याला आठाने भागलं. दीड. ‘ते बारा मेगाबिट असतात. फायलीच्या भाषेत दीड मेगाबाइट. त्यातून पत्ता, पावती, तपासणी असा लाइनीचा स्वतःचा खर्च वजा कर. हातात एक पडला तरी खूप.’ नऊ हजार भागिले एक, नऊ हजार सेकंद. अडीच तास. कॉम्प्युटर बरोबर होता. इंजिनीअर चुकली होती.

बाबांना हे कसं येतं? ते टेलिफोन खात्यात ट्रान्समिशनला होते. माझं सगळं बालपण ‘टू एमबी’ हा शब्द ऐकत गेलंय. रात्री दोनला फोन वाजायचा आणि बाबा विचारायचे, ‘कुठली टू एमबी डाउन आहे?’ मला वाटायचं, एका फ्लॉपीत दीड एमबी मावतं, मग दोन एमबीसाठी माणसाला झोपेतून कशाला उठवायचं? बाबांचा एमबी आणि माझा एमबी वेगवेगळे आहेत, हे आम्हा दोघांच्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

पण त्या वेळी बोलत बसायला सवड नव्हती. डिस्क अधूनमधून टकटकत होती. कॉम्प्युटर बंद करून डिस्क बाहेर काढावी, तर ती पुन्हा फिरेलच याचा भरवसा नाही. तिला लॅपटॉपशी जोडणारा अडॅप्टर शुक्रवारीच ऑनलाइन मागवला होता, तो मंगळवारी येणार. आणि दिवाळीतल्या रविवारी कुठलं दुकान उघडं असणार? कॉपी कॅन्सल केली. सगळं मिळेलच असं नाही, तर आधी काय घ्यायचं? मी म्हटलं, ‘फोटो?’ बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘कॅसेट घे.’

कॅसेटींचा हिशेब त्यांनीच केला. एमपीथ्री १२८ केबीपीएसची. भागिले आठ, सेकंदाला १६,००० बाइट. तासाला ५७.६ मेगाबाइट. चाळीस तासांचे २,३०४. म्हणजे साधारण चाळीस मिनिटं. पाचची बस अजून मिळण्यासारखी होती.

त्या चाळीस मिनिटांत करण्यासारखं काहीच नव्हतं. बाबा पेन्सिल घेऊन बसले होते. मी विचारलं, ‘तुमच्या टू एमबीत नेमकं काय असायचं हो?’

आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मी ते नीट ऐकून घेतलं. फोनवर बोलताना आपल्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात. प्रत्येक नमुना ८ बिटांचा. झाले ६४,००० बिट, म्हणजे ६४ केबीपीएस. हे झालं एक चॅनेल, एका माणसाचा आवाज. अशी ३२ चॅनेल एका लाइनीत गुंफायची. त्यातली ३० बोलण्याची. उरलेल्या दोनांपैकी एक ताल धरायला आणि एक कोणी कोणाला फोन लावलाय हे सांगायला. बत्तीस गुणिले चौसष्ट, २,०४८ केबीपीएस. हीच टू एमबी, पुस्तकी नाव ई-१. युरोपने ही पद्धत धरली आणि आपणही. अमेरिकेने २४ चॅनेलची टी-१ धरली, ती १.५४४ एमबीपीएसची.

‘मग ही टू एमबी फायलीच्या भाषेत किती?’ या वेळी भागाकार मी केला. वीस लाख अठ्ठेचाळीस हजार भागिले आठ, २,५६,००० बाइट. पाव मेगाबाइट! बाबांचा तो जगभर महत्त्वाचा टू एमबी माझ्या मापाने पाव भरला. बाबांचा चेहरा बघून मी घाईघाईने म्हटलं, ‘थांबा, त्या काळच्या फ्लॉपीशी तुलना करू.’

फ्लॉपीचं गणित मजेशीर निघालं. साडेतीन इंची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पाच. एका फेऱ्यात १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. म्हणजे फेऱ्याला ९,२१६ आणि सेकंदाला ४६,०८० बाइट. दोन्ही बाजूंचे मिळून १६० ट्रॅक, म्हणजे अख्खी फ्लॉपी वाचायला कमीत कमी ३२ सेकंद. तीच फ्लॉपी बाबांच्या टू एमबीवरून किती वेळात जाईल? पावणेसहा सेकंदांत! सीडीचा मूळ वेग, ज्याला आपण वन-एक्स म्हणायचो, सेकंदाला १,५३,६०० बाइट. तोही टू एमबीपेक्षा कमी. बाबा खूश.

मग मी हार्डडिस्क काढली. तिला जोडलेली ती राखाडी, चपटी पट्टी आठवतेय ना? तिचा वेग सेकंदाला १०० मेगाबाइट. बाबांच्या भाषेत ८०० एमबीपीएस. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. ‘एका एसटीएम-वनमध्ये ६३ टू एमबी बसतात. १५५.५२ एमबीपीएस. चौपट केलंस तर एसटीएम-फोर, ६२२. त्यावर साडेसात हजार लोक एका वेळी बोलतात. आणि तू सांगतेस की त्यापेक्षा जास्त या वीतभर पट्टीतून जातं?’ मी कबूल केलं, ही नुसती पट्टीची ऐपत. आतल्या तबकडीवरून तेवढं निघत नाही. आणि एसटीएम-फोर दोन शहरांमधलं अंतर जाते, ही पट्टी दीड वीत. सामना बरोबरीत सुटला.

पण मग दोन वेगळी मापं हवीतच कशाला? बाबांनी टोपलीतल्या केळ्यांकडे बोट दाखवलं. ‘तार म्हणजे दरवाजा. त्यातून एकेक केळं जातं, म्हणून आम्ही नगावर मोजतो. डिस्क म्हणजे कोठार. तिथे कोणी सुटं केळं ठेवत नाही, तुम्ही फणी मोजता. एका फणीला आठ केळी. माल तोच.’

गंमत म्हणजे हा घोळ होणार, हे लोकांना आधीच दिसलं होतं. ‘बिट’ हा शब्द छापून आला १९४८ मध्ये, क्लॉड शॅनन यांच्या प्रसिद्ध लेखात. त्याचं श्रेय त्यांनी जॉन ट्युकी यांना दिलं. ‘बाइट’ आला १९५६ मध्ये, आयबीएमच्या वर्नर बुखहोल्झ यांच्याकडून. ‘घास’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यांनी घेतला, पण स्पेलिंगमधला आय काढून वाय घातला. का? तर टायपिंगच्या चुकीने बाइटचा बिट होऊ नये म्हणून! पुढे दोघांच्या संक्षेपाला बी हेच अक्षर आलं. इंग्रजीत निदान लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट एवढी तरी सोय आहे. आपल्या देवनागरीत कुठला लहान आणि कुठला मोठा? आपण दोघांनाही एमबी लिहितो, एमबी म्हणतो आणि आठपट फसतो.

चार वीसला कॉपी संपली. मी पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. पुन्हा धस्स झालं. हिशेबाने २.३० जीबी यायला हवेत आणि विंडोज दाखवतंय २.१४. म्हणजे ०.१६ जीबी कमी, जवळजवळ तीन कॅसेटी! बाबा काही बोलले नाहीत. नुसते खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत राहिले. मी फायली मोजल्या. चाळीस. पुन्हा मोजल्या. चाळीसच. मग डोक्यात ट्यूब पेटली. विंडोज किलो म्हणजे १,००० नाही, १,०२४ धरतं. तेही तीनदा गुणून, म्हणून जीबीला सात टक्के कमी दिसतात. ४० जीबीची डिस्क याच कारणाने ३७ दाखवते. तारवाल्यांचा किलो मात्र नेहमी हजारचा. या गोंधळावर उतारा म्हणून १९९८ मध्ये १,०२४ वाल्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावंही दिली गेली. पण दुकानात जाऊन गिबीबाइट मागणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

आता फोटो उरले होते ३.२ जीबी, आई-बाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा व्हिडिओ अडीच, आणि माझा कॉलेजचा कचरा एक. यूएसबीने अजून जवळपास दोन तास. बाबा उठले, ड्रॉवर उपसला आणि त्यातून निळी केबल काढली. ब्रॉडबँड घेतलं तेव्हा या कॉम्प्युटरला लॅन कार्ड बसवलं होतं, त्याची. ‘हे कार्ड शंभरचं आहे. तुमचं नाही, आमचं शंभर.’

शंभर भागिले आठ, साडेबारा. जुन्या कॉम्प्युटरने निम्मा दिला तरी सहा. यूएसबीच्या सहापट! केबल राउटरला लावली, लॅपटॉपवर एक फुकटातला एफटीपी सर्व्हर टाकला, आयपी पत्त्यांशी झटापट केली. घड्याळात पाच वाजून गेले. बस गेली. जाऊ दे. फोटो नऊ-दहा मिनिटांत आले. त्यानंतर व्हिडिओ लावला. तो निम्म्यापर्यंत गेला आणि टकटक सुरू झाली. या वेळी ती थांबली नाही. स्क्रीन निळा झाला. त्यानंतर तो कॉम्प्युटर सुरू झाला नाही. मंगळवारी अडॅप्टर आला, त्यानेही डिस्क दिसली नाही. पुण्यातल्या रिकव्हरीवाल्यांकडे दिली, तर ते म्हणाले, तबकडीवर चरे पडलेत.

त्या व्हिडिओत आई चालत होती, हसत होती, कोणाला तरी आग्रहाने वाढत होती. शुक्रवारी रात्री मी बाराला आठाने भागलं असतं, तर कॉपी तेव्हाच लावून झोपले असते. सकाळपर्यंत सगळं आलं असतं. एवढाच, पाढ्यातला भागाकार. याबद्दल बाबा मला एक शब्दही बोलले नाहीत. तेच जास्त लागतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉपवर पहिली कॅसेट लावली. आई शाळेच्या मुलींना सरगम शिकवत होती. मधेच थांबून म्हणाली, ‘अहो, गॅस बंद करा ना, दूध उतू जाईल.’ बाबा झटकन उठायला लागले आणि अर्ध्यातच पुन्हा बसले. बराच वेळ आम्ही दोघंही गप्प. मग चष्मा पुसत ते म्हणाले, ‘१२८ केबीपीएस. म्हणजे आपल्याला एका आवाजाला एक चॅनेल पुरायचं, हिला दोन लागतात.’

आता त्या चाळीस फायली चार ठिकाणी आहेत. सकाळी साडेपाचच्या बसने पुण्याला येताना पेनड्राइव्ह मी पर्समध्ये नाही, मुठीत धरून आणला होता.

तर मंडळी, तुमच्याही घरी माळ्यावर, कपाटात एखादा जुना डबा असेलच. या वीकेंडला तो उघडा. उघडण्याआधी किती वेळ लागेल ते काढा, आणि शुक्रवारी रात्रीच सुरू करा. नव्या मुलाने तक्रार मागे घेतलीय. पार्टी मात्र अजून दिलेली नाही!

खिशातला हिशेब

लाइनीचा आकडा फायलीच्या भाषेत हवा? आठाने भागा. उलट जायचं तर आठाने गुणा.

घाईत असाल तर सरळ दहाने भागा. लाइनीचा स्वतःचा खर्चही त्यात साधारण बसतो. साटा डिस्कच्या केबलवर तर आठ बिटांचे मुळातच दहा करून पाठवतात, म्हणून तिथे १.५ जीबीपीएसचे १५० मेगाबाइटच होतात.

५६ केबीपीएसचा डायल-अप मोडेम: जास्तीत जास्त ७ किलोबाइट.

२५६ केबीपीएस: ३२ किलोबाइट. २००४ च्या धोरणात एवढ्यालाच ब्रॉडबँड म्हटलं होतं. ती मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. बाबांच्या टू एमबीला अखेर न्याय मिळाला!

यूएसबी १.१: कागदावर १.५ मेगाबाइट. यूएसबी २.०: कागदावर ६०. हातात दोन्हीकडे बरंच कमी.

एसटीएम-वन: १९.४४ मेगाबाइट.

आणि कोणी नुसतं ‘एमबी’ म्हणालं, की आधी विचारा: केळी की फणी?